निदान पक्कं, अर्ज नामंजूर : शार्को-मारी-टूथच्या एका फाइलीचा अभ्यास

नामंजुरीच्या पत्रात चारच वाक्यं होती. ‘अर्जदारास आनुवंशिक मज्जातंतूविकार असल्याचे मान्य. चालणे स्वतंत्र. हातांची ताकद ४/५. बसून करण्याजोगे काम शक्य.’ अर्ज अपंगत्व भत्त्यासाठी होता आणि सोबत जोडलेली फाइल चांगली दोन बोटं जाड होती.

हे प्रकरण कुणा एकाचं नाही. अशा अर्जदारांना मदत करताना त्यांच्या फायलींत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून ते उभं केलं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, पण या आजारात सापडतात तसेच.

बाई ४४ वर्षांच्या. एका कार्यालयात नोंदी ठेवायच्या, कागद लावायचे, हे काम २० वर्षं केलेलं. वडिलांची चालही तशीच होती : गुडघा उंच उचलून पाऊल टाकायचं आणि टाच टेकण्याआधी पुढचा भाग फट्‌कन जमिनीवर आपटायचा. घरात याला कुणी आजार म्हणतच नव्हतं. ‘आपल्या घरात सगळ्यांचे पाय असेच’, विषय संपला. तळपायाची कमान उंच, बोटं आकड्यासारखी वळलेली, पोटऱ्या खालून बारीक. शाळेत पळण्याच्या शर्यतीत शेवटचा नंबर ठरलेला. ३१व्या वर्षी घोटा मोडला. प्लॅस्टर काढल्यावर डॉक्टरांनी सहज गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय जागचा हलला नाही. तिथून न्यूरोलॉजिस्ट, तिथून तपासण्या आणि शेवटी नाव मिळालं : शार्को-मारी-टूथ (इंग्रजी आद्याक्षरांनी सीएमटी), प्रकार १ए.

हे नाव तिघा डॉक्टरांचं आहे. १८८६ साली फ्रान्समध्ये शार्को आणि मारी यांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टूथ यांनी या विकाराचं वर्णन केलं. दातांशी काही संबंध नाही. हे सांगायचं कारण, ‘टूथ’ वाचून दातांच्या खिडकीकडे बोट दाखवणारी माणसं भेटतात आणि अर्जात आजाराचं नाव नुसतं लिहून भागत नाही. साधारण अडीच हजारांत एकाला हा विकार असतो असा अंदाज नेहमी दिला जातो, म्हणजे फार दुर्मीळ नाही. तरी फाइल बघणाऱ्या माणसाने आधी एखादा असा रुग्ण पाहिला असेल, हे गृहीत धरू नये.

आता ती जाड फाइल. सगळ्यात वर जनुकीय तपासणीचा अहवाल. १७व्या गुणसूत्रावर पीएमपी२२ हे जनुक असलेला तुकडा दुप्पट झालेला. १ए प्रकाराचं हे मूळ कारण १९९१ साली सापडलं आणि तेव्हापासून निदानावर शिक्कामोर्तब करायला याच्याइतका भक्कम कागद नाही. त्याखाली नर्व्ह कंडक्शनचा, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ते मोजणाऱ्या तपासणीचा अहवाल. मग कमरेचा एमआरआय, बी-१२, साखर, थायरॉइड, सगळं नॉर्मल. आणि तळाशी डॉक्टरांचं पत्र : ‘सदर रुग्णास सीएमटी आहे. आजार बरा होणारा नाही. कृपया शक्य ती मदत करावी.’

या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद ‘काय झालंय’ ते सांगतो. ‘काय करता येत नाही’ हे एकही सांगत नाही. आणि भत्ता दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर मिळतो.

जनुकीय अहवालावर बाईंचा फार भरवसा होता. पण एकाच घरात तोच तुकडा दुप्पट असलेल्या दोघांपैकी एकाला जेमतेम त्रास असतो आणि दुसऱ्याला ब्रेसशिवाय, म्हणजे पावलाला आणि घोट्याला आधार देणाऱ्या साच्याशिवाय, दारापर्यंत जाता येत नाही. अधिकाऱ्याला हे माहीत असो वा नसो, कागदावर तीव्रता लिहिलेली नाही एवढं त्याला दिसतं.

नर्व्ह कंडक्शनची गोष्ट जास्त गमतीची आहे, आणि इथे डॉक्टरसुद्धा फसतात. अहवालात ठळक अक्षरांत छापलेला आकडा होता : हाताच्या मीडियन नसेतला वेग सेकंदाला २२ मीटर. निरोगी माणसात तो ५०च्या आसपास किंवा वर असतो, ३८च्या खाली गेला की मज्जातंतूभोवतीच्या आवरणाचा विकार मानतात. आकडा भयंकर दिसतो. पण १ए प्रकारात हा वेग लहानपणीच मंदावतो आणि पुढे आयुष्यभर जवळपास तिथेच राहतो. बाई दहा वर्षांच्या असताना मोजला असता तरी साधारण एवढाच आला असता. तेव्हा त्या शाळेत जात होत्या, लिहीत होत्या. म्हणजे हा आकडा पुढे करून ‘बघा किती बिघडलंय’ म्हणण्यात अर्थ नाही. ज्याला थोडंफार कळतं तो लगेच विचारेल, मग इतकी वर्षं नोकरी कशी केली?

बिघडत जातो तो आतला तंतू. वायरचं प्लास्टिक जन्मापासून खराब असतं, आतली तार वर्षानुवर्षं झिजत जाते. ती झीज वेगात दिसत नाही, स्नायूतून येणाऱ्या प्रतिसादाच्या उंचीत दिसते. अहवालाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ते होतं : दोन्ही पावलांच्या छोट्या स्नायूंतून प्रतिसादच नाही, हाताच्या अल्नार नसेचा प्रतिसाद अपेक्षेच्या पावपटीहून कमी. आठ वर्षांपूर्वीच्या अहवालात हाच अल्नारचा आकडा निम्म्याच्या आसपास होता. दोन अहवाल शेजारी ठेवले असते तर घसरण दिसली असती. जुना अहवाल घरी कपाटात होता, ‘तेच तर आहे पुन्हा’ म्हणून जोडला नव्हता.

मग ‘४/५’. हाताने दाबून स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजायची जुनी पद्धत आहे. ५ म्हणजे पूर्ण, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेमतेम हालचाल. आणि ४ म्हणजे मधलं सगळं. हातात भरलेली बादली धरणारा माणूस ४ असू शकतो आणि किल्ली फिरवताना दोन्ही हात लावणारा माणूसही ४. अपूर्णांकासारखं लिहिलेलं असल्यामुळे वाचणारा त्याचे ८० टक्के करून मोकळा होतो. शिवाय ही तपासणी दोन-तीन सेकंदांची. दिवसाच्या पाचव्या तासाला त्या बोटांचं काय होतं, हे त्यात येत नाही, येणारही नाही.

पण माझ्या मते या फाइलीला सगळ्यात जास्त नडला तो एक साधा शब्द : ‘स्थिर’. तीन वर्षांत बाई न्यूरोलॉजिस्टकडे सहा वेळा गेल्या. सहापैकी पाच नोंदी अशा : ‘ठीक. स्थिर. सहा महिन्यांनी.’ डॉक्टरांच्या भाषेत याचा अर्थ अपेक्षेपेक्षा वेगाने बिघडलेलं नाही, नवीन काही निघालेलं नाही. अधिकाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ बरं चाललंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि ‘ठीक’ हा शब्द डॉक्टरांचा नव्हताच, तो बाईंचाच. “कसं काय?” असं विचारलं की त्या “ठीक” म्हणायच्या. जन्मापासून जे पाय आहेत त्यांची तक्रार काय करायची! ज्यांचा आजार अचानक येतो त्यांना कालचं आणि आजचं अंतर दिसतं. वारशाने आलेल्या आजारात ते अंतर रोज थोडं थोडं गिळलं जातं.

अर्जाचा फॉर्मही त्यांनी तसाच भरला होता. ‘स्वतः कपडे घालता येतात का?’ हो. ‘अंघोळ?’ हो. ‘लिहिता येतं?’ हो. एकही उत्तर खोटं नव्हतं.

म्हणून त्यांना एक शर्ट दिला आणि घालायला सांगितला. पाच बटणं. अंगठा आणि तर्जनीची चिमट बसत नव्हती. अंगठ्याचं पेर तर्जनीच्या कडेवर दाबून त्या बटण ढकलत होत्या, आणि बटण काजाच्या कडेला येऊन घसरत होतं. कुठलं बटण कुठे आहे हे बोटांना कळत नव्हतं, त्यामुळे मान खाली घालून प्रत्येक बटण डोळ्यांनी शोधायचं. गळ्याजवळचं दिसत नाही, ते राहिलंच. चार बटणांना चार मिनिटं दहा सेकंद लागले. संपल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि बोटं सरळ करायला दुसऱ्या हाताने ओढली. “रोज काय घालता?” असं विचारल्यावर म्हणाल्या, “डोक्यावरून घालायचंच. बटणाचं असं काही नाहीच माझ्याकडे. सहाएक वर्षं झाली.” फॉर्मवर मात्र ‘हो’.

अपंगत्व मोजण्याच्या पद्धती देशागणिक वेगळ्या. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के अपंगत्वाची रेषा आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेच्या यादीत ११.१४ या क्रमांकाखाली परिघीय मज्जातंतूंचे विकार येतात. तिथे हातापायांपैकी दोन अवयवांवरचा ताबा गेल्यामुळे बसल्या जागेवरून उठणं, तोल सांभाळणं किंवा हात वापरणं यांत अत्यंत मर्यादा आहे का ते बघतात, आणि विकार किमान १२ महिने टिकणारा हवा. ब्रिटनमध्ये एखादी गोष्ट ‘येते’ असं म्हणायला ती सुरक्षितपणे, पुरेशी नीट, हवी तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता आली पाहिजे. वाजवी म्हणजे निरोगी माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागतो त्याच्या दुपटीपर्यंत. नियम कुठलाही लागू असो, या चार कसोट्या मी उत्तरं लिहिताना उसन्या घ्यायला सांगते. त्यांच्यामुळे ‘हो’च्या आत काय दडलंय ते बाहेर येतं.

‘अंघोळ : हो’ याचं मग असं झालं : ‘स्टुलावर बसून. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, त्यामुळे एक हात भिंतीवर. गेल्या वर्षात दोनदा पडले, एकदा मनगटाला टाके.’ डोळे मिटल्यावर तोल का जातो, याचं कारण डॉक्टरांच्या तपासणीत सापडायला हवं होतं : पावलाच्या बोटांची कंपनसंवेदना नाही, सांध्याची स्थिती कळत नाही, माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा आहे. एका नोंदीत ‘रॉम्बर्ग पॉझिटिव्ह’, म्हणजे डोळे मिटून उभं केल्यावर तोल जातो, एवढे दोन शब्द होतेही. न्हाणीघरातल्या पडण्याशी ते कुणी जोडले नव्हते.

उलटी चूकही झाली. नामंजुरीच्या रागात बाईंनी अपिलाचा पहिला मसुदा लिहिला, त्यात ‘मला अजिबात चालता येत नाही’ असं वाक्य होतं. हे काढायला लावलं. फाइलीत सहा ठिकाणी ‘चालत आल्या’ लिहिलेलं असताना असं एक वाक्य बाकीच्या खऱ्या पन्नास वाक्यांची किंमत घालवतं. ‘घरात भिंतीला धरून, बाहेर दोन्ही पायांना ब्रेस आणि एक काठी, सपाट रस्त्यावर दीडएकशे मीटर, मग थांबावं लागतं’ असं लिहिलं. अतिशयोक्तीपेक्षा हे जास्त परिणामकारक आहे, कारण हे तपासता येतं.

नवे पुरावे गोळा करायला तीन महिने लागले. फिजिओथेरपिस्टने १० मीटर चालण्याचा वेळ घेतला : ब्रेस घालून १३ सेकंद, ब्रेसशिवाय १७, आणि ब्रेसशिवायच्या फेरीत दोनदा पाऊल अडकलं. निरोगी माणूस सहज चालीत हे अंतर सात-आठ सेकंदांत कापतो. हातांसाठी नऊ खुंट्या नऊ भोकांत घालून काढायची चाचणी. वीसएक सेकंदांचं काम. उजव्या हाताला ४१, डाव्याला ४७. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं कितपत जमतात ते तपासणाऱ्या तज्ज्ञाने, एक शहाणपणा केला : अर्धा तास टायपिंग आणि कागद चाळण्याचं काम करायला लावून हीच चाचणी पुन्हा घेतली. उजवा हात ५८, दोन खुंट्या खाली पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा : ४९. थकवा कुठल्या यंत्रात दिसत नाही अशी तक्रार सगळे करतात. असा तीन आकड्यांत तो दिसतो.

हातांवर एवढा भर का? कारण या आजारात सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं, रुग्णाचंही. पण पाय अधू आहेत म्हटलं की अधिकाऱ्याच्या मनात तयार उत्तर असतं : बसून काम करा. ते उत्तर चूक ठरतं ते बोटांमुळे. ‘बसून करण्याजोगे काम शक्य’ या वाक्याला छेद देणारा पुरावा पहिल्या फाइलीत एका ओळीचाही नव्हता.

न्यूरोलॉजिस्टनी नवं पत्र दिलं, दोन पानी. त्यात सीएमटीसाठीच बनवलेला तपासणी-गुणांक होता, २८ पैकी १३ (जितके गुण जास्त तितका त्रास जास्त). मात्र ‘मध्यम तीव्रता’ हा शब्द त्यांना वगळायला सांगितला. लपवाछपवी म्हणून नव्हे. या मोजपट्टीवर ८ ते १४ म्हणजे मध्यम, पण ती विभागणी संशोधनातल्या रुग्णांची आपापसात तुलना करायला केलेली आहे. भत्त्याच्या नियमातला ‘मध्यम’ वेगळा. त्यापेक्षा गुण लिहावेत आणि पुढे त्याचा हातापायांवर काय परिणाम झालाय ते लिहावं.

त्या पत्रात आणखी दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. पहिली, उपचार. फाइल वाचताना असं दिसत होतं की बाई गेली कित्येक वर्षं काहीच औषध घेत नाहीत. कागद चाळणाऱ्याला ते हलगर्जीपणासारखं वाटू शकतं. प्रत्यक्षात आजाराचा वेग बदलणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. व्यायाम, ब्रेस, गरज पडल्यास पावलाची शस्त्रक्रिया, एवढंच. हे एका वाक्यात डॉक्टरांनी लिहायलाच हवं. एका नोंदीत ‘ब्रेस वापरत नाहीत’ असंही होतं. कारण कुणी लिहिलं नव्हतं : जुन्या ब्रेसची कड घोट्याला घासत होती, पावलाला कळत नसल्यामुळे जखम झाल्याचं रक्त दिसल्यावर समजलं आणि डॉक्टरांनीच सहा आठवडे ब्रेस बंद ठेवायला सांगितलं होतं.

दुसरी, भवितव्य. फॉर्मवर तीन चौकटी होत्या : सुधारणा अपेक्षित, स्थिर, बिघाड अपेक्षित. डॉक्टरांनी सवयीने मधल्या चौकटीत खूण केली होती. आता लिहिलं : ‘हळूहळू वाढत जाणारा विकार, सुधारणा अपेक्षित नाही, हातांची कार्यक्षमता गेल्या आठ वर्षांत मोजण्याइतकी घटली आहे’, आणि दोन्ही जुने-नवे अहवाल सोबत.

राहिला ‘आजच का?’ हा प्रश्न. जन्मापासून आजार, २० वर्षं नोकरी, मग आता काय झालं? कार्यालयाने पहिल्या वेळी चांगुलपणाने पत्र दिलं होतं : ‘यांच्या कामाबद्दल कोणतीही तक्रार नाही.’ भावना छान, पण पत्र अर्जाच्या विरोधात गेलं. दुसऱ्या पत्रात तारखा मागून घेतल्या. उभं राहून फाइली लावण्याचं काम केव्हा काढून घेतलं, हाताने लिहायच्या नोंदी केव्हा दुसऱ्याकडे गेल्या, कागदांचे चाप उघडून द्यायला शेजारचा सहकारी केव्हापासून उठू लागला, पूर्ण दिवसाचा अर्धा दिवस केव्हा झाला. सहा वर्षांत अकरा बदल. काम चालू होतं ते या बदलांच्या आधारावर, आणि बारावा बदल करायला जागा उरली नव्हती. घसरणीचा याहून चांगला आलेख कुठल्याही यंत्राने काढला नसता.

सहकाऱ्याचं निवेदनही जोडलं. त्यात एक ओळ होती : ‘त्या फोन उचलताना तळहातावर तोलतात, बोटांनी धरत नाहीत.’ असं निरीक्षण डॉक्टर करू शकत नाही. त्याच्यासमोर त्या फोन उचलत नाहीत.

अपील मंजूर झालं, पण अर्धवट. भत्ता लागू झाला तो ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या तपासणीच्या तारखेपासून. त्याआधीचे १४ महिने, म्हणजे मूळ अर्जापासूनचे, नाकारले. कारण दिलं होतं : ‘त्या कालावधीतील कार्यक्षमतेचा समकालीन पुरावा उपलब्ध नाही.’ मला हा निर्णय कठोर वाटतो, कारण वर्षानुवर्षं झिजत आलेली बोटं नेमकी तपासणीच्या सकाळी निकामी झाली असं कुणीच म्हणणार नाही. पण कागदाच्या बाजूने पाहिलं तर त्याला उत्तर नव्हतं. त्या १४ महिन्यांतल्या नोंदींत ‘ठीक, स्थिर’ एवढंच होतं.

एक कागद मात्र नंतर सापडला. ब्रेस बनवणाऱ्याकडच्या मापाच्या वहीत मूळ अर्जाच्या तीन आठवडे आधीची तारीख होती. दोन्ही पायांचं माप आणि खाली पेन्सिलने : ‘उजवे पाऊल वर उचलत नाही. बकल लावता येत नाही, चिकटपट्टी हवी. पट्टीला मोठा लूप, बोट अडकवता येईल असा.’ त्याने ते भत्त्यासाठी लिहिलं नव्हतं, पट्टी कापताना विसरू नये म्हणून लिहिलं होतं. त्या पानाची प्रत, त्याची सही घेऊन, राहिलेल्या १४ महिन्यांच्या दाव्याला जोडली आहे.